आत्याच्या गालातला विंचू

माझ्या बी.एस्सी.ची आणि पुढं बी.एड.ची फी उसाच्या फडातून आली. धारूरच्या घाटावर आमचं गाव. तिथल्या ज्या पोरांना शिकायला मिळालं ती बहुतेक अशीच शिकली. पण माझी फी आई-वडिलांच्या कोयत्यातून आली नाही. वडिलांची कंबर तोवर गेली होती, आईच्या पदरात दोन लहान लेकरं होती. माझ्यासाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली ती आत्यानं.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं, ती कायमची. मी शाळेत असताना दिवाळी झाली की आई-वडील टोळीबरोबर सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यावर जायचे, ते आखितीच्या सुमारास परतायचे. मधल्या महिन्यांत आम्हा भावंडांची आई तीच. ताप आला तर उशाशी बसणारी तीच, शाळा बुडवली तर काठी घेऊन मागं लागणारीही तीच. मला अंबाजोगाईच्या योगेश्वरी महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा घरात दमडी नव्हती. आत्या मुकादमाच्या ओट्यावर गेली आणि म्हणाली, मलाही घ्या. एकट्या बाईला टोळीत कुणी घेत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, हिशेब जोडीचा होतो. तिनं एका विधुर चुलतभावाला राजी केलं, त्याच्याबरोबर अर्धा कोयता म्हणून नाव लावलं, अंगठा दिला आणि पैसे आणून माझ्या हातात ठेवले. “ह्ये घे अन् नीट शिक. माघारी बघू नको.”

ज्यांनी ऊसतोड जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायची, आणि ट्रक मध्यरात्री आला तर मध्यरात्री उठून भरायचा. खाडा झाला तर पैसे कापले जातात. आजारपणही खाड्यातच धरतात. हंगाम संपला आणि उचल फिटली नसेल तर ती पुढच्या सालावर जाते.

माझ्या बी.एड.च्या वर्षी, पौषातल्या थंडीत, फडात गार वारं तोंडावर आलं आणि आत्याच्या उजव्या गालात कळ उठली. वीज अंगावर यावी तशी आली आणि गेली. मग रोज यायला लागली. तोंड धुताना, चूळ भरताना, भाकरीचा पहिला घास चावताना, कधी नुसता पदर गालाला लागला म्हणून. तिनं कुणाला सांगितलं नाही. पदर तोंडाभोवती घट्ट बांधून ती ऊस तोडत राहिली. मला कळलं ते उन्हाळ्यात, टोळी परत आल्यावर. आत्या जेवायला बसली की भाकरी कोरड्यासात कुस्करून, पार लगदा करून, डाव्या बाजूनं गिळायची. मधेच तिचा हात हवेत थांबायचा, डोळे मिटायचे, तोंड वाकडं व्हायचं. क्षणभरात सगळं पूर्ववत.

पुढच्या दोन-तीन वर्षांत जे झालं ते मराठवाड्यातल्या कुठल्याही खेड्यात झालं असतं. दाढ दुखत असेल म्हणून एका दातांच्या दवाखान्यात नेली, तिथं दाढ काढली. कळ थांबली नाही. मग शेजारची काढली. कुणी बिब्बा लावायला सांगितला, कुणी डाग द्यायला. बाहेरचं असेल म्हणून एका ठाण्यावर नेऊन आणली. या सगळ्याहून वाईट होतं ते बायकांचं बोलणं. गाल सुजलेला नाही, डोळा लाल नाही, ताप नाही, आणि कळ गेली की बाई चांगली हिंडती-फिरती. कामाचा कंटाळा आला की धरती गाल, असं पाणवठ्यावर बोललेलं तिच्या कानावर आलं. आयुष्यात एकही खाडा न केलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. ते आठवलं की आजही माझं रक्त उसळतं.

मला विचारलं की ती एकच सांगायची, “आत इचू बसलाय. डसतो.”

विंचू आमच्या घाटावर कुणाला नवा नाही. बालाघाटाचा मुरूम, दगडी भिंती, गोवऱ्यांच्या उडव्या, ही त्याचीच घरं. मी लहान असताना उडवीतून गोवऱ्या काढताना आत्याच्या बोटाला विंचू चावला होता. आई-वडील कारखान्यावर होते. रात्रभर ती हात कवटाळून घरभर फिरत होती, घामानं भिजली होती, आणि आम्ही पोरं भिंतीला टेकून बसलो होतो. सकाळी कळ उतरली तसा तिनं विंचू शोधून खेटरानं ठेचला आणि चूल पेटवली. म्हणून गालातल्या दुखण्याची तुलना करायला तिच्यापाशी भक्कम पुरावा होता. “त्यो इचू सकाळी उतरला,” ती म्हणायची, “ह्यो उतरंना.”

मला अंबाजोगाईला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि मी तिला माझ्याकडं आणलं. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, ज्याला आमच्याकडं नुसतं स्वाराती म्हणतात, ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. केज, धारूर, परळीपासून लातूर जिल्ह्याच्या कडेपर्यंतची माणसं तिथल्या ओपीडीच्या रांगेत उभी असतात. आमचा नंबर लागला तो एका तरुण निवासी डॉक्टरसमोर. बोलण्यावरून विदर्भातला वाटत होता. रात्रपाळी करून तसाच बसलेला असावा, डोळे ओढलेले होते.

“मावशी, कुठं दुखतं ते दाखवा.”

आत्यानं तर्जनी उचलली, उजव्या गालापाशी नेली आणि चार बोटं अंतरावर हवेतच थांबवली.

“हात लावून दाखवा ना.”

“न्हाई लावायची.”

“का बरं?”

“लावलं की डसतो.”

“कोण?”

“इचू.”

तो हसला नाही. त्यानं पेन खाली ठेवलं, खुर्ची जवळ ओढली. “किती वेळ डसतो?”

“चुटकी वाजवस्तोर. मग थांबतो. मग आनिक येतो.”

“झोपेतून उठवतो का?”

“न्हाई. झोपंत न्हाई येत. तोंड धुतानी येतो. वारं लागलं की येतो.”

“डाव्या बाजूला कधी?”

“कधीच न्हाई.”

एवढ्यावर त्याला निदान कळलं होतं. दाढ दुखणारा माणूस गाल दाबून धरतो, शेकतो. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेची कळ, असलेला माणूस गालाला हात लावत नाही, दुसऱ्यालाही लावू देत नाही. हवेत थांबलेल्या त्या बोटाकडं आजवर आम्हीही रोज पाहत आलो होतो. त्यात काय वाचायचं ते त्यालाच ठाऊक होतं. पुढं त्यानं कापसाच्या बोळ्यानं चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंची संवेदना तपासली, तोंड उघडून पाहिलं, मेंदूचा फोटो काढायला लिहून दिलं, गाठ वगैरे नाही ना याची खात्री करायला. पण पहिलं वाक्य तो जे बोलला ते मी विसरणार नाही. आत्याकडं बघून म्हणाला, “मावशी, तुमचं दुखणं खरं आहे. त्याला नाव आहे आणि त्यावर गोळी आहे.” आत्या रडायला लागली. रडण्यानं गाल हलला, कळ आली, तरी ती रडत राहिली.

मी विज्ञान शिकवते हे कळल्यावर त्यानं केसपेपर उलटा केला आणि पाठीवर नसेतल्या एका स्पंदाचा आलेख काढला. खाली आडवी रेघ, मग एकदम वर चढणारी, तितक्याच वेगानं खाली उतरणारी. बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्राच्या पेपरात तोच आलेख मी काढला होता, आत्याच्या उचलीवर शिकत असताना.

वेदना जाणणाऱ्या पेशी मणक्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या गाठींमध्ये असतात. चेहऱ्यासाठीची गाठ कवटीच्या तळाशी, कानाच्या जरा पुढं, आत दडलेली असते. त्या पेशींचे तंतू कातडीपर्यंत, दातांच्या मुळांपर्यंत पोचतात. तंतू शांत असतो तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला साधारण उणे ७० मिलिव्होल्टचा दाब असतो आणि बाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहापटीहून जास्त. तंतूच्या पडद्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात, ती सोडियम चॅनेल. चटका बसला, टाचणी टोचली की दारं उघडतात आणि सोडियम आत घुसतो. एका दारातून सेकंदाला सुमारे एक कोटी कण या वेगानं. पण दार उघडं राहतं ते जेमतेम एक-दोन मिलिसेकंद. मग ते आपोआप मिटतं आणि थोडा वेळ पुन्हा उघडत नाही. या उघडमिटीतूनच एक स्पंद तयार होतो आणि तंतूवरून पुढं पळतो. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ले यांनी माकुलाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून हे गणित १९५२ साली मांडलं, त्यासाठी त्यांना १९६३ चं नोबेल मिळालं. परीक्षेत आपण उघडण्यावर जास्त लिहितो. दुखणेकऱ्याच्या दृष्टीनं दार वेळेवर मिटणं जास्त महत्त्वाचं.

आत्याच्या बाबतीत काय झालं असावं हे डॉक्टरनं असं सांगितलं. या आजारात बहुतेकदा मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेच्या मुळावर टेकलेली असते. प्रत्येक ठोक्याला ती नसेवर आपटते. वर्षानुवर्षं आपटून नसेवरचं मायलिनचं आवरण झिजतं, आणि उघड्या पडलेल्या जागी सोडियम चॅनेल नको तितके आणि नको तिथं गोळा होतात. मग तिथून, गालाला काहीही झालेलं नसताना, स्पंदांच्या फैरी सुटतात. शेजारच्या तंतूतला साधा स्पर्श वेदनेच्या तंतूत उतरतो. वारा लागला, मेंदूला कळलं सुरा लागला. दाढ काढून उपयोग होणार नव्हता, कारण बिघाड दाढेत नव्हताच, दाढेची खबर नेणाऱ्या नसेत होता.

मग तो म्हणाला, “आणि मॅडम, मावशी विंचू म्हणतात ते फार दूर नाही.” विंचवाच्या विषातली काही प्रथिनं याच सोडियम चॅनेलला जाऊन बसतात आणि उघडलेलं दार मिटूच देत नाहीत. नस थांबायचं विसरते. गोवऱ्यांच्या उडवीतल्या विंचवानं आत्याच्या बोटात जे एका रात्रीपुरतं केलं, त्याच्याच जवळचं काही तिच्या गालात नसेचं आवरण झिजल्यामुळं रोज होत होतं.

हे ऐकलं आणि मला वाचायचं वेड लागलं. ग्रंथालयात, पुढं फोनवर, मिळेल तिथून मी वाचत गेले, आणि आपण किती अनोळखी माणसांचं देणं लागतो याची यादी वाढत गेली.

पहिलं नाव जवळचंच निघालं. डॉ. हिंमतराव बावस्कर आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. गरिबीत शिकले आणि सरकारी नोकरीत रायगड जिल्ह्यात गेले. कोकणातला लाल विंचू चावला की तेव्हा माणसं दगावायची, लहान मुलं विशेष. त्या विषानं सगळ्या शरीरातल्या नसा एकदम पेटतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी होतं. बावस्कर रोग्यांच्या उशाशी रात्ररात्र बसून टिपणं करत राहिले आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी १९८० च्या दशकात या विषावर वापरली. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं, ते एका टक्क्यावर आलं. महाडसारख्या गावातून त्यांनी लिहिलेलं जगातल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये वाचलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा खाटेशेजारी बसून नीट पाहतो आणि त्यातून जगाच्या पुस्तकात भर पडते, हे मी दरवर्षी माझ्या वर्गात सांगते. स्वारातीच्या त्या तरुण डॉक्टरनं आत्याचं बोट पाहिलं ते त्याच जातीचं पाहणं होतं.

दुसरं देणं थेट विंचवाचंच आहे. सोडियम चॅनेल असतो हे गणितानं सांगितलं, तरी ते प्रथिन हाती लागत नव्हतं. पेशीच्या पडद्यात हजारो प्रथिनं. त्यातलं नेमकं कोणतं? १९८० साली अमेरिकेत सिएटल इथं विल्यम कॅटरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं विंचवाच्या विषातलं एक प्रथिन घेतलं, त्याला किरणोत्सारी खूण लावली आणि ते कुणाला चिकटतं ते पाहिलं. चिकटलं ते सोडियम चॅनेलला. वेदनेचं दार माणसाला दाखवलं ते विंचवाच्या नांगीनं. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आन मी त्याला ठेचला.” आणि पुढं लगेच, “ठेचायलाच पायजे व्हता. लेकरं व्हती घरात.”

तिसरं देणं एका मुलाचं. त्याचं नाव शोधनिबंधात नाही, आणि नाही तेच बरं. उत्तर पाकिस्तानातला हा मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा. निखाऱ्यांवरून चालायचा, हातात सुरी आरपार घालायचा. त्याला दुखतच नव्हतं. संशोधक त्याला तपासायच्या आधीच, चौदाव्या वर्षाच्या सुमारास, घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला. त्याच्या नात्यातल्या कुटुंबांमधल्या अशाच मुलांची (त्यांना स्पर्श कळायचा, गरम-गार कळायचं, वेदना तेवढी नाही) तपासणी केंब्रिजच्या जेफ्री वूड्स यांच्या गटानं केली आणि २००६ साली ‘नेचर’मध्ये कारण छापलं: एससीएन९ए हे जनुक बंद. त्या जनुकावरून जे दार घडतं त्याला नाव्ह १.७ म्हणतात. माणसात अशी नऊ प्रकारची सोडियम दारं आहेत. वेदनेच्या तंतूंमध्ये १.७, १.८ आणि १.९ ही तीन विशेष महत्त्वाची. १.७ बारीकशी चाहूल पकडून ती वाढवतं, १.८ स्पंदाचा मोठा भाग उचलतं, १.९ नस किती हळवी राहील ते ठरवतं. त्याच्या दोनच वर्षं आधी, २००४ साली, चिनी संशोधकांनी उलट बाजू दाखवली होती. तिथल्या रुग्णांमध्ये हेच दार गरजेपेक्षा सहज उघडत होतं, आणि साध्या उबेनं त्यांच्या हातापायांची आग आग होत होती.

त्या मुलावर माझा फार जीव जडला. वेदनेपासून सुटका व्हावी म्हणून आत्या देवापुढं बसायची, आणि तिकडं एका पोराला वेदना नाही म्हणून मरण आलं. हात भाजला तर काढून घे, पाय मुरगळला तर टेकू नको, हे सांगणारं त्याच्या अंगात कुणी नव्हतं. वेदना सगळीच मिटवायची नसते, थांबायचं विसरलेली तेवढी थांबवायची असते, हे मला औषधांच्या पुस्तकापेक्षा त्याच्याकडून जास्त पटलं.

आत्याला दिलेली गोळी नेमकी तसंच करणारी होती. कार्बामाझेपिन. १९५३ साली बाझेलच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी ती बनवली, आणि चेहऱ्याच्या या कळेवर ती चालते हे १९६२ साली स्वीडनच्या सिगफ्रिड ब्लोम यांनी कळवलं. ही गोळी सोडियमच्या दाराला ते नुकतं मिटलेलं असताना धरते आणि लगेच पुन्हा उघडू देत नाही. संथपणे काम करणाऱ्या नसेला तिची फारशी अडचण होत नाही. फैरीवर फैरी झाडणाऱ्या नसेचीच दारं वारंवार मिटलेल्या अवस्थेत सापडतात, म्हणून तीच अडते.

पण मेडिकलवाल्यानं गोळ्या देताना विचारलं, “फिट येते का यांना?” कारण ती मूळची फेफऱ्यावरची गोळी. गावात बातमी आमच्या आधी पोचली. आत्याला मिरगी आहे म्हणून सासरच्यांनी टाकली असणार, असा शोधही लोकांनी लावला. वडील चिडले, गोळी बंद करा म्हणाले. आत्या त्यांना म्हणाली, “दादा, लोकांचं तोंड दुखत न्हाई, महं दुखतंय.” त्यावर कुणी काही बोललं नाही.

दुसरी गंमत मिठाची. डॉक्टर सोडियम सोडियम म्हणत होते हे तिनं ऐकलं होतं, आणि सोडियम म्हणजे मीठ हे माझ्याकडून. तिनं अळणी खायला सुरुवात केली. पुढच्या तपासणीला डॉक्टरच्या ते लक्षात आलं. त्यानं समजावलं की नसेतल्या दाराचा आणि ताटातल्या मिठाचा असा संबंध नाही, उलट या गोळीनं काहींच्या रक्तातलं सोडियम कमी होतं, म्हणून मीठ तोडू नका आणि सांगेन तेव्हा रक्त तपासा. अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून ताबडतोब या, हे त्यानं दोनदा बजावलं. सुरुवातीला आत्याला गरगरायचं, भिंत धरून चालायची. मात्रा थोडी थोडी वाढवत नेली.

आणि मग एका सकाळी ती मोरीत तोंड धुऊन बाहेर आली. ओंजळीनं पाणी मारून, दोन्ही हातांनी गाल चोळून. पाणी हनुवटीवरून ठिबकत होतं आणि ती पुसत नव्हती. तिला चहा दिला. घोट उजवीकडं गेला तशी म्हणाली, “पोळलं की गं माय!” ते भाजणं खरं होतं, गरम चहाचं होतं. गालाची जाण शाबूत होती, गेली होती ती फक्त खोटी कळ.

कळ कायमची गेली असं नाही. मधे मधे डोकं काढते, विशेषतः थंडीत, मग मात्रा बदलावी लागते. ऑपरेशन करून रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये गादी ठेवता येते हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत्या नको म्हणाली, आणि गोळीवर निभावतंय तोवर आम्हीही आग्रह केला नाही.

तो डॉक्टर पुढं शिक्षण संपवून निघून गेला. त्याला निरोप देताना आत्यानं शेतातल्या ज्वारीचा हुरडा नेला होता. तो कुठं आहे हे मला ठाऊक नाही.

३० जानेवारी २०२५ ला अमेरिकेत सुझेट्रिजिन या नव्या गोळीला मान्यता मिळाली. ती फक्त नाव्ह १.८ हे दार अडवते, आणि हे दार मुख्यतः वेदनेच्या नसांमध्येच असल्यानं तिनं गुंगी येत नाही, अफूच्या जातीच्या औषधांसारखं व्यसन लागायची भीती नाही. वाचून मी शाळेच्या स्टाफरूममध्ये मोठ्यानं ओरडले होते. पण मान्यता आहे ती ऑपरेशननंतरच्या वगैरे ताज्या, तीव्र वेदनेसाठी. पाठीतून पायात उतरणाऱ्या जुनाट कळेवर तिची चाचणी झाली तेव्हा नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांनाही जवळपास तितकाच आराम पडला. जुनाट दुखण्यात नस एकटी नसते, मणका आणि मेंदूही तोवर बदललेले असतात. तरीही मी आशेवर आहे, आणि ती गोळी आमच्या तालुक्याच्या दुकानात परवडेल अशा भावात येईपर्यंत आशेवर राहीन.

मला जास्त घोर आहे तो आमच्याच जिल्ह्याचा. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यामागं खाड्याची भीती आहे, पाळीतल्या हालांची कथा आहे, पैसा आहे. ते सगळं इथं मावणार नाही. पण त्यातल्या कितीतरी जणी पोट दुखतं, कंबर दुखते एवढंच सांगायला गेल्या होत्या. आत्याच्या दाढा ज्या घाईनं गेल्या त्याच घाईनं यांच्या पिशव्या गेल्या. दुखतंय तो अवयव काढून टाकायचा, आणि दुखणं कसं आहे, कधी येतं, कशानं वाढतं हे विचारायला कुणाला वेळ नाही. हे विचारायला यंत्र लागत नाही. खुर्ची जवळ ओढावी लागते.

म्हणून मी डॉक्टरचे ते प्रश्न एका कागदावर लिहून काढले: किती वेळ टिकतं, कशानं सुरू होतं, एकाच बाजूला की दोन्हीकडं, झोपेतून उठवतं का, स्पर्श सहन होतो का, आग होते की कळ येते की मुंग्या. स्वारातीतल्या एका मॅडमकडून ते तपासून घेतले, मधुमेहाचा आणि नागिणीचा प्रश्न त्यांनी वाढवला, कारण तळपायाची आग आणि नागीण बरी झाल्यावरही मागं राहणारी जळजळ ही आमच्याकडं फार, आणि त्यांचं औषध वेगळं. दिवाळीच्या सुमाराला, टोळ्या निघायच्या आधी, गावातल्या आशाताई ते प्रश्न घरोघर विचारतात.

आत्या आता गावीच राहते, सत्तरी ओलांडली आहे. तिला वाचता येत नाही, पण प्रश्न पाठ आहेत. गेल्या वर्षी मी गावी गेले तेव्हा खालच्या आळीतली एक बाई ओट्यावर पाय चोळत बसली होती, परवा तिची टोळी निघणार होती. आत्या तिला विचारत होती, “आग हुती का मुंग्या येत्यात?”

“आग. रातच्याला लई.”

“दोन्ही पायाला?”

“दोन्ही.”

“साखर तपासली व्हती का कधी?”

“कवा तपासू? अन् मुकादम थांबंल का?”

“थांबंल,” आत्या म्हणाली. “मी सांगते त्याला. उद्या पहिल्या गाडीनं अंबाजोगाईला जायचं. मी येते संगं, अन् तिथं काय इचारत्यात ते मला म्हाईत हाय.”